ट्रॅक्टर कॅबिनची काच वाचवायचीय? आधी मल्चरचं रबर बघा

हल्ली दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवला कुठेही जा, कॅबिनवाला ट्रॅक्टर दिसतोच. कोणी कंपनीची एसी कॅबिन घेतलेली असते तर कोणी जुन्या ट्रॅक्टरवर फॅब्रिकेटरकडून बसवून घेतलेली. धूळ नाही, ऊन नाही, फवारणीचं औषध तोंडावर येत नाही, सगळं मस्त, फक्त काच फुटली की सगळी मजा जाते. आणि शेतात फुटते ती बहुतेक वेळा मागची. लोक पुढच्या काचेचीच काळजी करतात पण अवजार मागे फिरत असतं, दगड तिकडूनच येतो. म्हणून जाड काच टाकू का, जाळी मारू का, फिल्म लावू का हे सगळं नंतर, आधी दगड कुठून उडतोय ते बघा. माझ्या मते पहिला खर्च मल्चरच्या, म्हणजे पाचट-काड्यांची कुट्टी करणाऱ्या अवजाराच्या, रबरी पडद्यावर करावा, काचेवर नंतर.

मल्चरवरच का घसरलो, रोटाव्हेटर पण फिरतोच की, असं कोणी म्हणेल. तर साधा हिशोब करा. रोटाव्हेटरचा रोटर मिनिटाला साधारण २०० फेरे मारतो, पात्यांचा व्यास अर्धा मीटर धरला तर पात्याच्या टोकाचा वेग येतो ताशी १९ किलोमीटर. मल्चरचा रोटर मिनिटाला २००० च्या आसपास फिरतो, पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवरच असतो पण गिअरबॉक्स आणि पट्टे तो वेग वाढवतात, आणि हातोड्यांचा व्यास ४० सेंटीमीटर धरला तरी टोकाचा वेग ताशी १५० किलोमीटर. म्हणजे आठपट. दगडाचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तोच सुपारीएवढा खडा मल्चरमधून सुटला तर रोटाव्हेटरपेक्षा चौसष्टपट ताकद घेऊन येतो. वरून रोटाव्हेटर चाकाच्याच दिशेने फिरतो, माती दगड मागे फेकतो आणि मागची फळी ते अडवते. बऱ्याचशा मल्चरचं उलटं आहे, रोटर चाकाच्या विरुद्ध फिरतो, जमिनीलगत हातोडे पुढे म्हणजे ट्रॅक्टरकडे येतात, पाचट उचलून वरून आत घेतात आणि मागे टाकतात. आता पुढच्या बाजूने एखादा खडा निसटला तर तो जाणार कुठे, सरळ तुमच्या मागच्या टायरवर नाहीतर काचेवर.

म्हणून मल्चरच्या पुढच्या तोंडाला जो रबरी पडदा किंवा साखळ्यांची झालर असते ना तिच्यावर सगळं अवलंबून आहे. आणि नेमकी तीच गोष्ट कोणी बघत नाही. हातोडे बदलतील, बेअरिंगला ग्रीस देतील, पट्टे ताणतील, पण रबराचे तुकडे पडून मधे चार बोटं फट झालीय याकडे लक्षच नसतं. काही जण तर मक्याची ताटं अडकतात म्हणून साखळ्या काढूनच ठेवतात आणि मग काच महाग मिळते म्हणून ओरडतात! साखळी असेल तर प्रत्येक कडी लटकलेली पाहिजे, दोन साखळ्यांमधून बोट जाईल पण अंगठ्याएवढा खडा जाणार नाही इतकी जवळ, आणि खालचं टोक जमिनीला जवळजवळ टेकलेलं. रबर असेल तर साधं मॅटचं रबर नको, ते दोन दिवसात फाटतं. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा पट्टा घ्या, खडी क्रशरवर किंवा भंगारात मिळतो, आत कापडाचे थर असतात म्हणून दगड लागला तरी फाटत नाही. हाताच्या रुंदीच्या पट्ट्या कापा, एकमेकीवर दोन बोटं चढतील अशा लावा, वरून लोखंडी पट्टी ठेवून नटबोल्टने आवळा. एकसंध पडदा लावू नका, तो ताटांनी वर उचलला जातो आणि सगळंच तोंड उघडं पडतं. आणि हे काम करताना मल्चर खाली टेकवलेला, ट्रॅक्टर बंद आणि चावी खिशात. हायड्रोलिकवर अधांतरी धरलेल्या मल्चरखाली हात घालायचा नाही, हे सांगायची गरज नाही पण तरी सांगतो.

आता वापराचं. मल्चर जमिनीला घासून चालवायचा मोह होतो कारण कुट्टी बारीक दिसते, पण हातोडा मातीला लागला की दगड आलाच. दोन-तीन इंच वर ठेवा, मागच्या रोलरवर ती उंची सेट होते, नीट जमिनीत तर दीड-दोन इंचावर पण चालतं पण सिन्नर चांदवडकडच्या मुरमाड रानात अजिबात नको. आपल्या नाशिक भागातला दगड म्हणजे काळा बेसाल्ट, कठीण आणि फुटला की धारदार कोपऱ्याचा, आणि काचेला सगळ्यात वाईट तोच, कारण गुळगुळीत गोटा काचेवरून घसरून पण जातो, टोकदार खडा एका बिंदूवर मार देतो. खोल नांगरट झाली की असे दगड वर येतात, ते वैशाखात वेचून बांधाला टाकायचं काम जुनी माणसं न चुकता करायची, आता नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते आणि वेचणी राहून जाते.

द्राक्षबागेत दगडापेक्षा वाईट एक गोष्ट आहे, तार. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की काड्या ओळीत पडतात आणि त्यांच्यावरून मल्चर फिरवतात, त्या काड्यांमधे तारेचे तुकडे, ताणाचे खिळे, ड्रिपचे कनेक्टर, कधी कधी अँगलचा तुटका तुकडा पण असतो. तारेचा दोन इंचाचा तुकडा मल्चरमधून सुटला तर तो गोळीच समजा. त्यामुळे ज्या ओळीत मांडवाची दुरुस्ती झालीय तिथे आधी एक माणूस चालत फिरवा, छाटणीच्या मजुरांना सांगून ठेवा की तुटकी तार खाली टाकायची नाही, बादलीत टाकायची. मांडवाच्या बागेत कॅबिनचा ट्रॅक्टर आत जातच नाही म्हणा, तिथे मिनी ट्रॅक्टर उघडाच फिरतो, म्हणजे काच नाही तर डायरेक्ट ड्रायव्हरची पाठ आहे. तिथे सीटच्या मागे जाळीची फ्रेम आणि ड्रायव्हरच्या डोळ्याला गॉगल एवढं तरी करा. कॅबिनवाल्याला हे सगळं जास्त लागू होतं वाय पद्धतीच्या (Y आकाराच्या अँगलवर वेल चढवलेल्या) द्राक्षबागेच्या रुंद ओळीत, मका, ऊस, सोयाबीनच्या रानात आणि पडीक जमीन साफ करताना.

ओळ संपली की वळताना पीटीओ बंद. यात वाद नको. मल्चर फिरत असतानाच हायड्रोलिकने वर उचलला की त्याचं पुढचं तोंड पूर्ण उघडं पडतं, साखळ्या लोंबकळत राहतात आणि आतला दगड थेट काचेकडे यायला वाट मोकळी. आणि पीटीओ बंद केल्यावर रोटर लगेच थांबत नाही, वजनदार असतो, थोडा वेळ घुमत राहतो, तो थांबेपर्यंत उचलायचं नाही. घाई असते मान्य आहे, भाड्याने तासावर चालवणाऱ्याला तर जास्तच, पण एक काच म्हणजे किती तासांचं भाडं ते एकदा मोजून बघा.

दगडाशिवाय अजून एका गोष्टीने मागची काच फुटते आणि ती म्हणजे स्वतःचंच अवजार. मागची काच गॅसच्या दांड्यांवर बाहेर उघडते, हवेसाठी उघडी ठेवली आणि नांगर किंवा पेरणीयंत्र पूर्ण वर उचललं की फ्रेमचा वरचा भाग काचेला लागतो. नवीन अवजार पहिल्यांदा जोडलं की सपाट जागेवर, मागे एक माणूस उभा करून (बाजूला, मधे नाही) हळूहळू उचलून बघा, काच बंद असताना किती अंतर राहतं आणि उघडी असताना किती. बऱ्याच ट्रॅक्टरला लिफ्टची उंची अडवायची सोय असते, तिथे सेट करून टाका. टॉप लिंक आखूड केली की अवजार पुढे कलतं हे पण लक्षात ठेवा, टॉप लिंक बदलली की परत तपासा. आणि मल्चर चालू असताना मागची काच बंदच, गरम झालं तरी.

एवढं सगळं करून मग काचेकडे या. कॅबिनच्या काचा तीन प्रकारच्या निघतात. टफन, म्हणजे साध्या काचेपेक्षा चार-पाचपट मजबूत आणि फुटली की साबुदाण्यासारखे बारीक तुकडे होणारी, ही बाजूला मागे असते. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर, फुटली तरी तिथेच चिकटून राहते, गाड्यांची पुढची काच ही असते. आणि तिसरी साधी काच, खिडकीला असते ती, तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. आता गंमत बघा, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमात नियम १०० मधे गाड्यांना सेफ्टी ग्लासची सक्ती आहे पण त्याच ओळीत शेतीच्या ट्रॅक्टरला वगळलंय. त्यामुळे कंपनीच्या कॅबिनला चांगली काच येत असली तरी बाहेरून बनवून घेतलेल्या कॅबिनला फॅब्रिकेटरने साधी पाच एमएमची काच ठोकली असेल तर आश्चर्य नको. तपासायचं कसं, तर काचेच्या कोपऱ्यात कायमचा छापलेला शिक्का बघा, त्यात टफन की लॅमिनेटेड आणि आयएस नंबर असतो. शिक्का नसेल तर पोलराइज्ड गॉगल घालून तिरक्या उन्हात बघा, टफनवर ढगाळ डाग किंवा पट्टे दिसतात, साध्यावर दिसत नाहीत. साधी निघाली तर दगड उडायची वाट बघू नका, बदलून टाका, कारण यात काच जाण्याचा प्रश्न नाही, मान जाण्याचा आहे.

नवीन करून घेताना हे माहिती पाहिजे की टफन काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, आधी माप, आधी बिजागरीची भोकं, मग भट्टीत. म्हणून पुठ्ठ्याचा किंवा हार्डबोर्डचा फर्मा फ्रेममधे बसवून बघूनच द्या, टेपने मोजलेलं माप चालत नाही कारण हाताने बनवलेल्या कॅबिनचे चारही कोपरे काटकोनात असतीलच असं नाही. लॅमिनेटेड मात्र सपाट असेल तर काचवाला कापून देतो, म्हणून मागच्या सपाट काचेला मला लॅमिनेटेडच बरी वाटते, दगड लागला तर तडा जातो पण ढिगारा मांडीवर येत नाही आणि दिवस पूर्ण करता येतो. काच लोखंडाला कुठेही टेकता कामा नये, चारही बाजूंनी रबर बिडिंग पाहिजे. टफनचा जीव तिच्या कडेत असतो, मधे हातोडी सहन करेल पण कडेला लोखंडाचा खडा घासत राहिला तर एक दिवस काही न होता फुटते आणि लोक म्हणतात आपोआप फुटली.

पॉलीकार्बोनेटची शीट लावायचा सल्ला बरेच जण देतात, दुकानात लेक्सन म्हणून पण मागतात. दगडाला ती काचेपेक्षा कितीतरी भारी, वाकते पण फुटत नाही, जंगलात लाकूडतोडीच्या मशीनला जाड पॉलीकार्बोनेटच लावतात. पण घेताना शेडच्या छपराची पोकळ शीट नको, सॉलिड घ्या, ५ किंवा ६ एमएमची, यूव्ही कोटिंगवाली, नाहीतर उन्हाने पिवळी पडते. ॲक्रिलिक देऊन पॉलीकार्बोनेटचे पैसे घेणारे पण आहेत, तुकडा मागून वाकवून बघा, ॲक्रिलिक कटकन मोडतं. मूळ काच काढून तिच्या जागी शीट लावण्यापेक्षा काचेच्या बाहेर दोन इंच अंतर ठेवून ढाल म्हणून लावा, ओरखडे पडले की फक्त शीट बदलायची. भोकं बोल्टपेक्षा दोन-तीन एमएम मोठी पाडा कारण ही शीट उन्हात वाढते, एक मीटरला ४० डिग्रीच्या फरकात अडीच एमएमच्या वर, बोल्ट रबर वॉशर घालून हलकाच आवळा. जीव लावून आवळला की भोकापासून तडे जातात.

आणि नाशिककरांसाठी यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फवारणी. तोच ट्रॅक्टर मल्चरला आणि तोच फवारणीच्या ब्लोअरला असेल तर पॉलीकार्बोनेट टिकत नाही. ईसी औषधांमधे (पाण्यात टाकली की दुधाळ होतात ती) जे सॉल्व्हंट असतं, तो रॉकेलसारखा वास येतो ना, ते या प्लास्टिकला खातं, आधी धुकं आल्यासारखं दिसतं मग बारीक जाळीसारखे तडे. बोर्डोतला (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणातला) चुना पण चांगला नाही. म्हणून शीट अशी लावा की चार विंगनट काढले की निघाली पाहिजे, फवारणीला काढून ठेवायची, मल्चरला लावायची. पुसताना आधी भरपूर पाणी मारून धूळ घालवा, मग साबणाचं पाणी आणि मऊ कापड. कोरड्या फडक्याने पुसली की संपली. थिनर, पेट्रोल आणि अमोनियावाला काच क्लीनर याला चालत नाही. पुढच्या काचेला जिथे वायपर आहे तिथे पॉलीकार्बोनेटच्या भानगडीतच पडू नका.

स्वस्तात आणि टिकाऊ काय असं विचाराल तर जाळी. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी), चौकोनी पाइपच्या फ्रेमवर, काचेपासून दोन-तीन इंच लांब, कारण दगड लागला की जाळी आत दबते आणि चिकटून बसवली असेल तर जाळीच काच फोडते. रंग काळा मॅट द्या, पांढरी किंवा चकचकीत गॅल्व्हनाइज्ड जाळी उन्हात चमकते आणि तिच्यातून मागचं दिसत नाही, काळी लावली की थोड्या वेळाने जाळी आहे हे पण विसरायला होतं. फ्रेम बिजागरीवर ठेवा म्हणजे काच पुसता येते, आणि खिट्टी अशी की आतून हात घालून उघडता आली पाहिजे. ट्रॅक्टर उलटला आणि दरवाजा दबला तर मागची खिडकीच बाहेर पडायची वाट असते, ती बोल्टने कायमची बंद करून टाकणं म्हणजे स्वतःला आत कोंडणं. अजून एक, कंपनीच्या कॅबिनच्या खांबांना वेल्डिंग करू नका आणि भोक पाडू नका, ट्रॅक्टर उलटल्यावर वजन तेच पेलतात. यू क्लॅम्प वापरा, क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी.

सेफ्टी फिल्मबद्दल थोडक्यात. फिल्मने काच फुटायची थांबत नाही, फुटल्यावर तुकडे धरून ठेवते, बस्स. १०० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक घ्या, आतून लावा, कारच्या फिल्मवाल्याकडून कडेपर्यंत नीट. काळी लावू नका, संध्याकाळी मल्चरच्या मागे कोण उभंय ते दिसलं पाहिजे.

बाजूच्या काचा वेगळ्याच कारणाने जातात. ट्रॅक्टर बांधावर उभा आणि शेजारी कोणी ब्रश कटरने गवत काढतंय, एक खडा उडतो आणि दरवाजाची काच खाली. ब्रश कटर चालू असेल तर ट्रॅक्टर लांब लावा. तसंच तुमचा मल्चर किंवा स्लॅशर (गवत-झुडपं कापायचं अवजार) चालू असेल तर आजूबाजूच्या शंभर मीटरमधे माणूस, बैल, मोटरसायकल काही नको, आपली काच वाचवताना दुसऱ्याचा डोळा जायचा. शिवाररस्त्याच्या बाभळी पावसाळ्याआधी छाटून घ्या, त्या वरच्या कोपऱ्याला सारख्या घासतात. पुढची काच जाते ती रस्त्यावर, मुंबई-आग्रा हायवेला नाहीतर क्रशरच्या रस्त्याला खडीच्या डंपरच्या मागे लागल्यामुळे, तिथे अंतर ठेवणं हाच उपाय. पुढच्या चाकांना मडगार्ड नसतील तर बसवून घ्या, रस्त्यावर वेगात जाताना नक्षीत अडकलेले खडे तिथूनच वर येतात.

पुढच्या लॅमिनेटेड काचेला नुसता टिचका उडाला असेल तर त्यावर लगेच पारदर्शक टेप लावा म्हणजे धूळ पाणी आत जात नाही, आणि रेझिन भरणाऱ्याकडे घेऊन जा, लवकर गेलं तर ते भरता येतं. उशीर केला तर आत एसी गार आणि बाहेर एप्रिलचं ऊन, चीर आपोआप पुढे सरकते. टफनला असं काही भरता येत नाही.

आणि फुटलीच तर तिथेच पीटीओ बंद, इंजिन बंद, गॉगल आणि हातमोजे घालून मगच तुकडे काढा. एसीच्या जाळीत, सीटच्या फटीत, पॅडलखाली तुकडे जातात, पॅडलखालचे आधी काढा, ब्रेक क्लचला अडकतात. शेतात पडलेले पण गोळा करा, त्या जागेची ताटं आणि कुट्टी जनावरांना घालू नका, आख्खा पट्टा सोडून द्या. मागची काच नसताना प्लास्टिकचा कागद लावून मल्चर पुढे चालू ठेवणारे बघितलेत, कागदाने धूळ अडते, दगड नाही.

इन्शुरन्सचं एकदा बघून ठेवा. कॅबिन बाहेरून बसवलेली असेल आणि पॉलिसीत तिची वेगळी किंमत लिहिलेली नसेल तर क्लेमच्या वेळी वाद होतो, म्हणून रिन्यूअलला बिल देऊन कॅबिन लिहून घ्या. फुटल्यावर झाडलोट करायच्या आधी फोटो काढा, एक नंबर प्लेटसकट, एक मल्चर जोडलेला असतानाचा आणि एक आत पडलेल्या दगडाचा, आणि तो दगड फेकू नका, सर्व्हेअर येईपर्यंत डब्यात ठेवा.